काचेमागचा विल्फ

"आर्थर, तोंडाला हे काय फासलंयस रे?" मिसेस ऑर्डनी दारातच विचारलं.

आर्थर नटॉल ओशाळला. डोक्यावर दिव्याचं हेल्मेट, गळ्यात मळका रुमाल आणि दोन्ही गालांवर काळे फराटे. हॅगडेलच्या खाणीत त्यानं उभा जन्म काढला होता. खाण बंद पडली, त्याच जागेवर नगरपालिकेनं 'वारसा केंद्र' उभं केलं आणि आज उद्घाटनाच्या दिवशी हा खराखुरा खाणकामगार खाणकामगाराचं सोंग घेऊन दारात उभा होता.

"रंग आहे, विनी," तो हळूच म्हणाला. "साहेब म्हणाले, लोकांना असं बघायला आवडतं."

"खाणीतून वर आल्यावर आंघोळ केल्याशिवाय तू कुणाच्या नजरेला पडायचा नाहीस. आणि आता सकाळी उठून काळं लावतोस?"

आर्थर गळ्यातला रुमाल सारखा करत राहिला. आमच्या मराठीत तोंडाला काळं फासण्याचा काय अर्थ होतो, ते मी त्याला सांगितलं नाही. बिचाऱ्याला आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

या गोष्टीला आता तीस वर्षं उलटून गेली. मी शांता रणभिसे, मूळची मिरजेची. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकले आणि सदुसष्ट साली इंग्लंडात आले. उत्तरेकडच्या या गावात मला घरोघरी जाऊन आजाऱ्यांना बघायचं काम मिळालं. गाव कसलं, धुराड्यांचं रान होतं. जमिनीखाली कोळसा आणि कोळशाच्या थराला लागूनच चिवट, राखी माती. एकाच कंपनीनं दोन्ही काढायला घेतलं. कोळशावर भट्ट्या पेटवायच्या, त्या मातीच्या विटा भाजायच्या. आगीला दाद न देणारी वीट म्हणून तिचं नाव होतं. प्रत्येक विटेच्या खोबणीत 'हॅगडेल' अशी अक्षरं उठलेली. आमच्याकडं कृष्णेकाठी वीटभट्ट्या होत्या, पण त्या उन्हाळ्यापुरत्या. इथं बारा महिने धूर. दोरीवरचे कपडे वाळायच्या आत पुन्हा मळायचे.

विल्फ ऑर्ड हा माझा इथला पहिल्या वर्षाचा पेशंट. पोरवयात खाणीत उतरलेला. पुढं छत कोसळून गुडघा चिरडला, तेव्हा कंपनीनं त्याला वर घेतलं आणि वीट कारखान्यात मातीच्या चक्कीवर बसवलं. खाली काळी धूळ खाल्ली होती, वर पांढरी खायला लागला. मी त्याच्याकडं जायला लागले तेव्हा तो आडवा होऊ शकत नव्हता. टेबलावर उशी ठेवायची, तिच्यावर कपाळ टेकायचं आणि तसाच खुर्चीत झोपायचा. एक वाक्य बोलायला त्याला दोनदा थांबावं लागे. तरी मला विचारायचा, "तुमच्या नदीला... पूर येतो म्हणतेस... मग विटा वाहून जात नाहीत?" मी सांगायची, भट्ट्या पूर यायच्या आधीच मोडतात. तो हसायचा आणि हसण्यानं पुन्हा ढास लागायची.

दोन हिवाळे मी त्या घरी गेले. तिसऱ्या हिवाळ्यात त्याला गावच्या हॉस्पिटलात हलवलं आणि तिथंच तो गेला. शवपेटी घरी आली ती बंदच आली. तपासणी करावी लागली, एवढंच तिथले लोक म्हणाले. तेव्हा कुणी जास्त विचारत नसे.

विनी ऑर्डशी मात्र माझा संबंध सुटला नाही. समोर मी तिला मिसेस ऑर्ड म्हणायची, मनात काकू. तिला माझं नाव घेता येत नव्हतं, म्हणून ती मला पोरी म्हणायची. माझे केस पांढरे झाल्यावरही पोरीच म्हणत राहिली. वारसा केंद्राचं आमंत्रण आल्यावर तिचा निरोप आला, "पोरी, मला घेऊन चल. कारखान्याच्या विटा मीही वाहिल्यात. बघू तरी काय मांडलंय."

सुरुवातीला ती खुशीत होती. काचेच्या पेट्यांत जुने दिवे होते, घोड्यांचे पट्टे होते, विटांचे नमुने होते. एका विटेपाशी ती बराच वेळ थांबली. "ही नीट भाजलेली नाही," मला म्हणाली, "असली वीट आम्ही फेकून द्यायचो." पुढच्या दालनात खाणकामगाराचं स्वयंपाकघर उभं केलं होतं. चूल, दोरीवरचे मोजे, खिडकीला नक्षीचा पडदा. कुठल्याशा यंत्रातून ताज्या पावाचा वास सोडत होते. समोर दोरी बांधलेली, म्हणजे आत जायचं नाही, बाहेरूनच बघायचं.

"पडदा चांगला आहे," विनी म्हणाली. "असला माझ्या सासूकडं होता. पण काळा कसा नाही पडला?"

आम्ही दोघी हसलो. त्यानंतरचं दालन अंधारं होतं. दारावर पाटी होती, 'कामगारांचं आरोग्य'. आत मधोमध काचेची एकच पेटी, वरून तिच्यावर दिवा सोडलेला. मी पुढं होते म्हणून मला आधी दिसलं.

बरणी होती. बरणीत पिवळसर पाणी आणि पाण्यात माणसाचं फुप्फुस. नर्स असल्यामुळं मी असली फुप्फुसं पाहिली होती. हे जवळजवळ सगळंच काळं होतं आणि मधूनमधून दगडासारख्या राखी गाठी. खाली सुबक छापलेलं कार्ड होतं : 'कोळसा आणि विटांच्या धुळीनं निकामी झालेलं फुप्फुस. धुळीमुळं आलेल्या मृत्यूचं नमुनेदार उदाहरण.' एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण बरणीच्या झाकणावर हॉस्पिटलची जुनी चिकटपट्टी होती. ती त्यांनी काढली नव्हती. जुनं जुनंच दिसावं म्हणून ठेवली असेल. तिच्यावर शाईनं लिहिलेलं होतं, 'डब्ल्यू. ऑर्ड, हॅगडेल, १९६९'.

मी वळले. विनीला खांद्याला धरून बाहेर न्यावं असं मनात होतं. पण तिनं चष्मा चढवला होता.

तिनं झाकणावरची पट्टी ओठ हलवत वाचली. मग तिनं विचारलं, "हा विल्फ आहे?"

"हो."

"मग मी पुरला तो कोण?"

"तोही विल्फच, मिसेस ऑर्ड."

तिनं काचेवर हात ठेवला. मागून एक जोडपं आलं, त्यांनी बरणीकडं बघून नाकं मुरडली आणि पुढं गेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाला मी पाठीला हात लावून उठवून बसवत होते, त्याला बघून कुणीतरी नाक मुरडत होतं.

मी केंद्रप्रमुखाला शोधून आणलं. ज्युलियन पेल्हम त्याचं नाव. दक्षिणेकडून आलेला, तिशीतला, छातीला फूल लावलेला. मी सांगितलं तसा त्याचा चेहरा पडला. वाईट माणूस नव्हता तो. पण पडलेला चेहरा त्यानं लगेच उचलून जागेवर ठेवला.

"मॅडम, मला फार वाईट वाटतं," तो विनीला म्हणाला. "गावचं हॉस्पिटल बंद झालं तेव्हा तिथला संग्रह आमच्याकडं आला. नावाची पट्टी राहायला नको होती. ती आम्ही आजच काढू."

"पट्टी काढशील," विनी म्हणाली. "आणि विल्फला?"

"तो... ती वस्तू आता संग्रहाच्या मालकीची आहे. समितीपुढं विषय ठेवावा लागेल. पुढच्या बैठकीत—"

"माझा नवरा कुणाच्या मालकीचा?"

"तुम्ही असं बघू नका. हा सगळ्या गावाचा वारसा आहे."

विनीनं त्याच्याकडं पाठ केली. मला वाटलं, आता घरी चल म्हणेल. पण ती मागच्या दालनात गेली, दोरी उचलली, त्या खोट्या स्वयंपाकघरात शिरली आणि चुलीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. पर्स मांडीवर घेतली. कोटाची बटणंसुद्धा सोडली नाहीत.

"तुझी समिती बसेल तेव्हा बसेल," ती म्हणाली. "मी आत्ता बसले. विल्फला घेतल्याशिवाय उठायची नाही."

आता गंमत बघा. लोक जमले, आणि लोकांना वाटलं, हा खेळाचाच भाग आहे. एक बाई म्हणाली, "अगदी हुबेहूब म्हातारी आणलीय!" एकानं फोटो काढला. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. विनी कुणाकडं बघत नव्हती. मीच दोरीपाशी गेले आणि ओरडले. एवढ्या वर्षांत त्या गावात मी कधी आवाज चढवला नव्हता. "टाळ्या कसल्या वाजवता? ही नटी नाही. शेजारच्या खोलीत बरणीत आहे तो हिचा नवरा आहे!"

टाळ्या थांबल्या. पावाचा वास मात्र येतच होता. तेवढ्यात बाहेरून आर्थर आत आला, कुणीतरी त्याला बोलावलं असणार.

पेल्हम घामाघूम झाला होता. लोकांसमोर काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं, आणि तो बोलला. नसता बोलला तर गोष्ट कदाचित वेगळी झाली असती.

"कृपा करून समजून घ्या," तो म्हणाला. "आम्ही कुणाचा अपमान करत नाही. उलट मिस्टर ऑर्डचा हा नमुना फार मोलाचा आहे. धुळीनंच माणूस मेला याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. हॉस्पिटलात वीस वर्षं तरुण डॉक्टरांना हाच दाखवून शिकवत होते."

विनीनं पहिल्यांदाच मान वर केली.

"पुन्हा म्हण."

"काय?"

"कशानं मेला म्हणालास?"

"धुळीनं. खाणीच्या आणि कारखान्याच्या."

"मोठ्यानं म्हण. मागच्यांना ऐकू जाऊ दे."

पेल्हम माझ्याकडं बघायला लागला. त्याला काही कळत नव्हतं. कळणार कुठून? ते विनीला आणि गावातल्या जुन्या माणसांनाच माहीत होतं, आणि तिनं एकदा मला सांगितलेलं म्हणून मला.

ती बसल्या जागेवरून बोलायला लागली. आवाज मोठा नव्हता.

"विल्फला पुरल्यावर भरपाईचा निकाल देणाऱ्या बोर्डाची माणसं माझ्या घरी आली. मोटारीतून. असंच स्वयंपाकघर होतं माझं, यापेक्षा काळं. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाले. त्यातला एक डॉक्टर होता. तो म्हणाला, मिसेस ऑर्ड, आम्ही तुमच्या नवऱ्याची फुप्फुसं नीट तपासली. धुळीचा काही दोष नाही. तुमचा नवरा सिगारेटी ओढून मेला."

फोटो काढणाऱ्यानं कॅमेरा खाली घेतला.

"विल्फला धुरानं ढास लागायची म्हणून सिगारेट त्यानं लग्नाआधीच सोडली होती. मी तसं सांगितलं. तो डॉक्टर म्हणाला, बायकांना सगळंच ठाऊक असतं असं नाही. धूळ नाही म्हटल्यावर कंपनीची जबाबदारी नाही. जबाबदारी नाही म्हटल्यावर कंपनीचं घर नाही. मी घर खाली केलं. आणि त्याच कंपनीच्या कचेरीतल्या फरश्या पुसायला लागले, कारण दुसरं काम कुठं होतं? शेजारीपाजारी काय बोलायचे ते मला ऐकू यायचं. विल्फनं स्वतःच्या हातानं बायकोला उघड्यावर टाकलं म्हणायचे. मीसुद्धा..." तिनं पर्सची कडी उघडली आणि पुन्हा लावली. "मीसुद्धा कधी कधी रात्री त्याला शिव्या दिल्या. वाटायचं, चोरून ओढत असेल."

मला हे शेवटचं माहीत नव्हतं. ते तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात दोन टोकं एकत्र आली. मी पेल्हमकडं वळले.

"मिस्टर पेल्हम, ज्या फुप्फुसात बोर्डाला धूळ सापडली नाही, ते फुप्फुस हेच. त्याच हॉस्पिटलात होतं, तिथंच तपासलं, आणि मग फळीवर ठेवून दिलं. तरुण डॉक्टरांना दाखवायला. धुळीनं मेलेला माणूस आतून कसा दिसतो ते शिकवायला. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. विद्यार्थ्यांना खरं सांगितलं, आणि बायकोला खोटं."

 गर्दीतून कुणीतरी एक शिवी हासडली. ती पेल्हमला नव्हती, पण तो दचकला.

आर्थर एव्हाना अंधाऱ्या दालनात गेला होता. तिथून स्क्रू फिरवल्याचा आवाज यायला लागला. आम्ही सगळे तिकडं गेलो. दिव्याखाली उभा राहून तो पेटीच्या पितळी पट्ट्या सोडवत होता.

"आर्थर, थांबा!" पेल्हम म्हणाला. "हे केलंत तर मला तुम्हाला कामावर ठेवता येणार नाही."

"याच जागेवर माझी एक नोकरी गेलीय, साहेब," आर्थर मान वर न करता म्हणाला. "ती कामाची होती. ही गेली तर निदान तोंड तरी धुता येईल."

काच बाजूला झाली. त्यानं बरणी दोन्ही हातांनी उचलली आणि अंगातला कोट काढून तिच्याभोवती गुंडाळला. "चल रे विल्फ," एवढंच म्हणाला. दोघं एकाच पाळीत खाली उतरायचे, हे मला नंतर कळलं. विनी आली, तिनं कोटावर हात ठेवला आणि आर्थरच्या शेजारून चालायला लागली. जाता जाता तिनं काचेखालचं ते छापील कार्ड उचललं आणि पर्समध्ये घातलं. लोकांनी वाट करून दिली. काही पुरुषांनी टोप्या काढल्या.

पेल्हम दारापर्यंत मागं आला. पोलिसांना बोलावतो की काय असं मला वाटलं. त्यानं दार उघडून धरलं. "समितीला मी काय सांगू?" त्यानं विचारलं. खरंच विचारलं त्यानं, टोमणा नव्हता.

"सांग," विनी म्हणाली, "ज्यांचं होतं ते येऊन घेऊन गेले."

दुसऱ्या दिवशी आम्ही विल्फला विल्फपाशी ठेवलं. पाद्र्यांनी काही आडकाठी केली नाही. त्यांचा बापही खाणीतलाच. आर्थरनं पेटी केली होती. पेटी खाली सोडल्यावर विनी गुडघ्यांवर बसली, आणि मला वाटलं प्रार्थना करेल. ती मातीला म्हणाली, "तू खरं बोलत होतास. मी ऐकायला हवं होतं." मग उठली, गुडघे झटकले आणि मला म्हणाली, "आता मला राग आलाय, पोरी. कालपर्यंत नुसतं दुःख होतं."

आता माझी नेमणूक गावच्या दवाखान्यात होती. सोमवारी सकाळी मी तो उघडायला गेले तर दाराबाहेर बायका उभ्या. बहुतेक सगळ्या म्हाताऱ्या. चांगले कोट घातलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. थंडीत अशा का उभ्या आहेत मला कळेना, कारण आजारी कुणीच दिसत नव्हतं. गावात बातमी फिरायला एक रविवार पुरला होता. सगळ्यांच्या पुढं मिसेस हर्स्ट होत्या. त्यांच्या नवऱ्यालाही मीच बघायला जायची.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "आमची माणसं घरी पाठवताना तुम्ही लोकांनी काय काय ठेवून घेतलं?"

तुम्ही लोकांनी. मी कोटाखाली पांढरा गणवेश घातला होता. मी बचाव केला असता तर कुणी मला दोष दिला नसता. त्या काळी मी फक्त घरोघरी फिरणारी नर्स होते. पण त्या गणवेशाकडं बघून त्यांना जे दिसत होतं ते खोटं नव्हतं. मी दवाखान्याला पुन्हा कुलूप लावलं. दारावर चिठ्ठी लावली, आज दवाखाना बंद. नंतर मला त्याबद्दल वरिष्ठांनी बोलावून झापलं.

"मला ठाऊक नाही," मी त्यांना सांगितलं. "पण जुन्या हॉस्पिटलातलं उरलेलं सामान शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात गेलंय. चला, विचारू."

पुढं ते वर्षानुवर्षं चाललं. काहींना आपलं माणूस सापडलं, काहींना नाही. काही निकाल बोर्डाला फिरवावे लागले. विनीचा फिरला, तोवर ती अंथरुणाला खिळली होती. तिनं मला तो निकाल दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं. पण माझ्या डोळ्यांपुढं अजून येते ती सोमवारची सकाळ.

आम्ही बसनं गेलो. विनी वाटेत चढली. तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. हॉस्पिटलच्या मोठ्या दारातून आम्ही सगळ्या एकदमच आत शिरलो. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. एवढ्या म्हाताऱ्या बायका बघून ती गोड हसली.

"भेटायची वेळ दुपारी आहे," ती म्हणाली. "पण बघते हं. कुणाला भेटायला आलात?"

 मी बोलणार इतक्यात विनी ऑर्ड पुढं झाली आणि तिनं पर्स काउंटरवर ठेवली.

"आमच्या नवऱ्यांना," ती म्हणाली.